बी.एस्सी.नंतर अकरा वर्षांनी रेडिएशन थेरपिस्ट: न्यू जर्सीतल्या खटपटीचा हिशोब

माझी आई सांगलीत शेजारणींना सांगते, "धाकटी अमेरिकेत कॅन्सरवाल्यांना लाईट देते." नणंद सांगते, "वहिनी रेडिओलॉजिस्ट आहे." दोघींत आईचं जास्त बरोबर आहे. रेडिओलॉजिस्ट म्हणजे एक्स-रे आणि सीटी वाचणारा डॉक्टर. मी डॉक्टर नाही. किरणोपचार लिहून देणारे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट वेगळे, डोस कुठून किती जाईल याचा आराखडा संगणकावर मांडणारे डोसिमेट्रिस्ट वेगळे, मशीनचं माप बरोबर आहे ना हे बघणारे मेडिकल फिजिसिस्ट वेगळे. आणि रेडिएशन थेरपिस्ट म्हणजे रोज पेशंटला हाक मारून आत नेणारी, टेबलावर मिलिमीटरच्या हिशोबाने झोपवणारी, मग बाहेर येऊन बटण दाबणारी बाई. किंवा बाप्या, आमच्याकडे दोन आहेत.

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी मावसबहिणीचा फोन येतो. भारतात बी.एस्सी. झालंय, लग्न होऊन इथे आलेय, आता काय करू? प्रत्येकीला तेच सांगून घसा सुकतो, म्हणून एकदाचं लिहून काढते. हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात करायचं असेल तर तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेली पात्रता लागते, ती वाट वेगळी.

आधी पात्रतेबद्दल, कारण इथेच सगळ्या फसतात. इथली प्रमाणपत्र देणारी संस्था एआरआरटी. २०१५ पासून त्यांचा नियम असा की परीक्षेला बसणाऱ्याकडे किमान असोसिएट म्हणजे दोन वर्षांची पदवी हवी, विषय कुठलाही. त्यामुळे बॅचलर्स असेल तर ती अट सुटते, मग ते फिजिक्स असो नाहीतर माझ्या जावेसारखं होम सायन्स. पण नुसत्या पदवीवर परीक्षा देता येत नाही. मान्यताप्राप्त रेडिएशन थेरपी कोर्स पूर्ण करावाच लागतो. ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांनी पुन्हा चार वर्षं घालवण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी सर्टिफिकेट कोर्स असतात. काही बारा महिन्यांचे, काही त्याहून लांब. बरेचसे हॉस्पिटलच चालवतं.

या सर्टिफिकेट कोर्सचे दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. एका प्रकारात आधीपासून रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे टेक्नॉलॉजिस्ट असलेल्यांनाच घेतात. दुसऱ्यात कुठल्याही पदवीधराला घेतात, फक्त काही विषय आधी झालेले हवेत. मी पहिला अर्ज भरला तो नेमका पहिल्या प्रकारच्या कोर्सला. फी भरली, निबंध लिहिला, तीन शिफारसपत्रं मिळवली, आणि महिनाभराने दोन ओळींचं नकाराचं पत्र आलं. पात्रतेच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

म्हणून आधी जेआरसीईआरटी या संस्थेच्या संकेतस्थळावर जा. रेडिएशन थेरपीचे कोर्स मान्य करणारी ही संस्था. राज्याप्रमाणे यादी काढता येते. प्रत्येक कोर्सपुढे तीन आकडे जाहीर केलेले असतात: पहिल्याच प्रयत्नात किती विद्यार्थी परीक्षा पास झाले, किती जणांना बारा महिन्यांत नोकरी लागली, आणि घेतलेल्यांपैकी किती जणांनी कोर्स पूर्ण केला. पहिल्या दोन्हींची पाच वर्षांची सरासरी निदान ७५ टक्के असावी अशी अपेक्षा असते. पण मला विचाराल तर तिसरा आकडा आधी बघा. दहा जणांना घेऊन सहाच बाहेर पडत असतील, तर त्या सहांचा निकाल शंभर टक्के लागला तरी काय उपयोग? मग प्रोग्रॅम डायरेक्टरला ईमेल करा: माझी पदवी भारतातली आहे, रेडिओग्राफर नाही, चालेल का? उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "शुअर, शुअर" धरून चालू नका.

व्हिसाचं थोडक्यात सांगते, कारण मी वकील नाही. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण नोकरीला वर्क परमिट, म्हणजे ईएडी लागतं. हॉस्पिटलच्या अनेक कोर्सना परदेशी विद्यार्थ्यांसाठी लागणारा आय-२० हा कागद देता येत नाही, त्यामुळे सांगलीहून थेट एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घेऊन या कोर्सला येईन म्हटलं तर दारं फार कमी. माझं ईएडी हातात आलं होतं तेव्हाच मी हा विचार केला.

आता कागद. सबंध प्रवासात मला सर्वांत जास्त छळलं ते कागदांनी, फिजिक्सने नव्हे. भारतातल्या पदवीचं इथल्या मापात मूल्यमापन करून घ्यावं लागतं, विषयवार, म्हणजे प्रत्येक पेपरचे क्रेडिट आणि ग्रेड लिहून. हे करणाऱ्या खासगी संस्था आहेत. एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडूनच करा, आणि तुमचा कोर्स कोणती संस्था चालवून घेतो ते आधी विचारा. विद्यापीठाकडून ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत उतारा, सीलबंद पाकिटात लागतं, पाकिटाच्या जोडावर शिक्का आणि सही. माझ्या दादाने विद्यापीठात तीन खेपा घालून ते पाकीट मिळवलं, घरी आणलं, आणि "नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का बघू तरी" म्हणून फोडलं. नीट सेलोटेप लावून परत चिकटवलं, आणि तसंच कुरिअर केलं. मूल्यमापन संस्थेने ते तसंच बाजूला ठेवलं. दोन महिने गेले. दादावर चिडण्यात अर्थ नव्हता, त्याला सांगायला हवं होतं ते मीच सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगा. शक्य असेल तर दोन पाकिटं मागवा.

नावाचा घोळ तर खास आपला. माझ्या मार्कशीटवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. अर्ज तपासणाऱ्या इथल्या बाईंना मधलं नाव हे वडिलांचं असतं आणि लग्नानंतर ते बदलतं हे पटायलाच अर्धा तास लागला. तिच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका होत्या. विवाह नोंदणीचा इंग्रजीतला दाखला प्रत्येक अर्जाला जोडा, मागितला नाही तरी. लग्नात ज्यांचं पहिलं नावही बदललंय त्यांनी तर आधी हेच काम हातात घ्यावं. पुढे परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि एआरआरटीकडचं नाव जुळलं नाही तर बसू देत नाहीत, तेव्हा सुरुवातीलाच एक नाव ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

आधी व्हायला हवेत ते विषय साधारण असे: अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग प्रयोगशाळेसकट, फिजिक्स, कॉलेज अल्जिब्रा किंवा संख्याशास्त्र, मेडिकल टर्मिनॉलॉजी. माझं बी.एस्सी. फिजिक्सचं, त्यामुळे तो विषय सुटला. पण ते अकरा वर्षं जुनं. अनेक कोर्स शास्त्राचे विषय गेल्या पाच-सात वर्षांतले मागतात, म्हणून हेही विचारून घ्या. बाकीचे विषय मी आमच्या काऊंटीच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये संध्याकाळी केले. तिथे फी बरीच कमी पडते आणि क्रेडिट तेच. अॅनाटॉमीच्या वर्गात माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची पोरं, आणि मी डबा खाऊन धावतपळत पोचलेली. हाडांची नावं मी पोळ्या लाटताना पाठ केली. अजूनही कणीक तिंबायला घेतली की स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम सुरू होतं.

अर्ज करण्याआधी एकदा तरी रेडिएशन विभागात दिवसभर उभं राहून बघा. बरेच कोर्स ते मागतातच. घरी बसून वाटतं तसं हे काम नाही. दहाजणींपैकी एकदोघी त्या एका दिवसानंतर विचार बदलतात, आणि ते बरंच आहे. मी गेले त्या दिवशी नऊ वर्षांचा मुलगा होता आणि त्याची आई बाहेर मासिक उलटं धरून बसली होती. मुलाखतीत मला विचारलं, "या कामात तुला सर्वांत अवघड काय जाईल?" मी त्या मासिकाचं सांगितलं. लोकांना मदत करायला आवडते वगैरे त्यांनी त्या दिवशी आधीच आठवेळा ऐकलेलं असतं.

प्रवेश मिळाला की आरोग्य तपासणीची यादी येते, आणि तिथे दोन गोष्टी आपल्यासाठी. एक, लहानपणीच्या लसींची नोंद आपल्याकडे सहसा नसते. घाबरू नका, रक्त तपासून गोवर, कांजिण्या, हेपॅटायटिस-बी यांची प्रतिकारशक्ती दाखवता येते. दोन, क्षयाची चाचणी. आपल्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, आणि त्या लशीमुळे त्वचेवरची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. सरळ रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. हात टम्म सुजला, छातीचा एक्स-रे झाला, आठवडा गेला.

मग ते वर्ष. माझ्या कोर्समध्ये आठवड्यातले तीन दिवस विभागात आणि दोन दिवस वर्गात. विभागातल्या या कामाचे, म्हणजे क्लिनिकलचे, पैसे मिळत नाहीत. सकाळी पावणेसातला हजर. किरण देणाऱ्या मशीनला लिनॅक म्हणतात, आणि पहिला पेशंट यायच्या आत तिची रोजची तपासणी होते: भिंतींवरचे आणि छतावरचे लेझर जिथे मिळायला हवेत तिथेच मिळतात का, शंभर सेंटीमीटरचं अंतर खरंच शंभर दाखवतं का, किरणांचं माप ठरलेल्या मर्यादेत आहे का, दार उघडल्यावर बीम, म्हणजे किरणांचा झोत, बंद पडतो का, आतला कॅमेरा आणि बोलण्याचा स्पीकर चालतो का. पहिले दोन महिने विद्यार्थ्याने हे नुसतं बघायचं आणि लिहायचं. कंटाळवाणं वाटतं, पण हे बघूनच मशीन कळते.

खरं शिक्षण टेबलापाशी होतं. पेशंटला नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून विचारायची, रोज, तिसाव्या दिवशीसुद्धा, मग तो तुमच्या ओळखीचा का होईना. फोटो जुळवायचा, उपचाराची जागा मोठ्याने म्हणायची. पेशंटच्या अंगावर तिळाएवढे टॅटू असतात, एक मधोमध आणि दोन बाजूंना. ते लेझरच्या रेघांखाली आणायचे. काही ठिकाणी आता टॅटू न करता कॅमेऱ्यानेच त्वचेचा उंचसखलपणा जुळवतात, पण लेझर तरी शिकावाच लागतो. दोन थेरपिस्ट दोन बाजूंना उभ्या, आणि पेशंटखाली घातलेली चादर धरून त्याला कणाकणाने ओढायचं. इथे पेशंट मदत करायला जातो. "थोडं डावीकडे" असं ऐकलं की बिचारा स्वतःच सरकतो, आणि सगळं बिघडतं. माझी प्रिसेप्टर, म्हणजे मला शिकवणारी थेरपिस्ट, त्यांना सांगायची, हलू नका, जड व्हा. मी मनातल्या मनात म्हणायचे, पोत्यासारखे पडा.

माझी चूक तिसऱ्या महिन्यातली. आराखड्यात लिहिलेलं, टॅटूपासून दीड सेंटीमीटर डावीकडे. मी टेबल सरकवलं ते माझ्या डावीकडे. मी पेशंटच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून उभी होते, तेव्हा माझा डावा तो त्याचा उजवा. समोरची थेरपिस्ट शांतपणे म्हणाली, "थांब. आता तू झोपलीयेस असं समज." इतकंच. ती आकडा आपल्याकडूनही वाचत होती, म्हणूनच तर दोघी असतात. आणि त्यानंतरही स्कॅन काढून हाडं जुळवल्याशिवाय बीम सुरू होत नाही. पण त्या रात्री मी नवऱ्याला डायनिंग टेबलावर झोपवलं, पोटावर मास्किंग टेपचे तीन तुकडे लावले आणि चादर ओढून सराव केला. डावा, उजवा, डोक्याकडे, पायाकडे, वर, खाली. आठवडाभर. तो तिसऱ्या दिवसापासून घोरायला लागला, ते एका अर्थी बरं झालं. झोपलेला माणूस मदत करत नाही.

एक आजी आठवतात. डाव्या स्तनाचा कॅन्सर. डाव्या बाजूला हृदय जवळ असतं, म्हणून खोल श्वास घेऊन धरायला लावतात; फुप्फुस फुगलं की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरतं. आजींना इंग्रजी येत नव्हतं. मला वाटलं, माझं इथे काम आहे. पण हॉस्पिटलचा नियम असा की दुभाषाचं काम प्रमाणित दुभाषानेच करायचं, विद्यार्थिनीने नाही. फोनवर मराठी दुभाषा मिळायला वीस मिनिटं लागली, तोवर मी शेजारी मुकाट उभी. आजी सुनेच्या हातात मंगळसूत्र देऊन माझ्याकडे बघतायत, ही आपली दिसते पण बोलत का नाही. दुभाषा म्हणाला, दीर्घ श्वास घेऊन रोखून धरा. आजी म्हणाल्या, "हे कुंभकच की. रोज करते मी." आणि खरंच त्यांनी पंचवीस सेकंद धरला. पण श्वास घेताना त्या पाठ टेबलावरून उचलत होत्या, छाती फुगवण्याऐवजी कमान करत होत्या. हे पडद्यावर पटकन कळत नाही, बाजूने बघितलं तर कळतं. मी प्रिसेप्टरला इंग्रजीत सांगितलं, तिने दुभाषाला, दुभाषाने आजींना. पाठ टेकली. त्यानंतर प्रिसेप्टरने माझ्या वहीत श्वास-रोध पद्धतीपुढे सही केली. अशा सह्या ठरलेल्या सगळ्या प्रक्रियांच्या गोळा कराव्या लागतात, त्याशिवाय कोर्स संपत नाही. काही प्रक्रियांचे पेशंट क्वचित येतात, म्हणून तसा पेशंट आला की जेवण अर्धं टाकून उठा.

वर्गातलं फिजिक्स आपल्याला जड नाही. अंतर दुप्पट केलं तर मारा चौथाई, हे बारावीतच शिकलोय. आकडेमोडही साधी: डोक्या-मानेच्या पेशंटला रोज २०० सेंटीग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप), पस्तीस दिवस, झाले ७,०००, म्हणजे ७० ग्रे. जड जातं ते छेद-अॅनाटॉमी. सीटीच्या आडव्या कापात मूत्रपिंड कुठे, पाठीचा कणा कुठे, अन्ननलिका कुठली. रोज वीस कापं बघायचा नेम ठेवा.

किरणांची भीती सगळ्यांचे आईवडील विचारतात. बटण दाबलं की किरण सुरू, ठरलेला डोस झाला की बंद; आणि ते चालू असतात तेव्हा आपण जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे असतो. बाहेरून किरण दिलेला पेशंट घरी जाऊन नातवाला मांडीवर घेऊ शकतो, त्याच्या अंगात काही उरत नाही. आपल्याला किती किरण लागले ते टिपणारा बॅज छातीवर लावतो, तो ठरावीक काळाने मोजला जातो. इथे कामगारासाठी वर्षाची मर्यादा ५० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या किरणांचं माप) आहे, भारतात पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० धरतात. दिवस राहिले तर लेखी कळवायचा हक्क आहे, सक्ती नाही. कळवलंत की बाळासाठी सबंध गरोदरपणात ५ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते आणि वेगळा बॅज मिळतो. कळवा. खरी झीज पाठीची आणि पावलांची होते. बुटावर पैसे खर्च करा.

कोर्स संपता संपता एआरआरटीचा अर्ज. त्यात पोलिसांच्या नोंदी विचारतात. दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस वगैरे असेल तर लपवू नका. कोर्सला प्रवेश घेण्याआधीच एथिक्सची पूर्वतपासणी करून घेता येते, म्हणजे वर्ष आणि पैसे पाण्यात जात नाहीत. परीक्षा संगणकावर, २०० गुण धरले जाणारे प्रश्न आणि वर काही न धरले जाणारे. कोणते ते कळत नाही. पासाला ७५ लागतात, पण ते ७५ टक्के नव्हेत, त्यांचं स्वतःचं माप आहे. तीन वर्षांत तीन संधी. उठायच्या आधीच पडद्यावर तात्पुरता निकाल दिसतो. माझ्या शेजारी कुणी ट्रक चालवण्याची परीक्षा देत होता, त्याने मला टिश्यू दिला.

पुढे दोन वर्षांत २४ क्रेडिटचं शिक्षण चालू ठेवावं लागतं. शिवाय अनेक राज्यांचा स्वतंत्र परवाना असतो. न्यू जर्सीत तो पर्यावरण संरक्षण खातं देतं. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यांना आणि मला एकच खातं.

पगाराचं विचारताच, म्हणून सांगते: अमेरिकी कामगार खात्याच्या २०२३ च्या आकड्यांनुसार या कामाचा मध्यम वार्षिक पगार सुमारे ९८ हजार डॉलर. सुरुवातीला त्याहून कमी मिळतो. आणि पूर्णवेळ नोकरी लगेच मिळेलच असं नाही. मी सात महिने पर-डिएम केलं, म्हणजे कुणी रजेवर गेलं की बोलावणार, रजेचे आणि विम्याचे फायदे नाहीत. पण त्या सात महिन्यांत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन हाताखालून गेल्या. हजेरी लावायला एका ठिकाणी दीड तास गाडी, दुसऱ्या ठिकाणी ट्रेन. डबा दोन वेळचा. गेल्या वर्षी माझ्याकडे पहिली विद्यार्थिनी आली, नाशिकची नाही, नायजेरियाची. पहिल्याच दिवशी तिने टेबल तिच्या डावीकडे सरकवलं.